ट्रॅक्टर पुढून उचलतो, वेट किती लावू? आणि मागं दिवे पण बसवायचेत

वायंगणवाला
मंडळी नमस्कार. गोव्यात पेडणे तालुक्यात कोरगावच्या बाजूला आमची थोडी शेती, वर मोरडात (उंचावरच्या जमिनीत) तीन कुणगे (शेताचे तुकडे), खाली खेरात (मधल्या जमिनीत) दोन आणि बायकोच्या माहेरचा खाजनात (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत) एक वाटा. इतकी वर्षं पॉवर टिलर भाड्याने आणायचो, यंदा धीर करून सेकंडहँड छोटा ट्रॅक्टर घेतला. २७ एचपी, फोर व्हील ड्राइव्ह, ब्रोशरमध्ये वजन ६५० किलो. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा दोन मिनिटांत कुठला ब्रँड भारी यावर जाईल.

तर झालं असं की मोरडातल्या खालच्या कुणग्यातून वरच्यात जायला मातीचा चढ आहे, मागं चार फुटी रोटावेटर उचलून मी सरळ चढवायला गेलो आणि अर्ध्यात पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उठली. वीतभरच असेल, पण माझ्या पोटात गोळा आला, क्लच दाबला तर गाडी मागं घसरली, नशीब मागं कोणी नव्हतं. शेजाऱ्याकडे १५ एचपीचा आहे, ७८० किलोचा, तो म्हणतो माझा कधीच उचलत नाही, तुझा हलका पडला, विकून टाक. खरंच हलका पडला का? का पुढं वेट लावून भागेल? लावायचे तर किती?

दुसरं म्हणजे दिवे. मी तुयेच्या औद्योगिक एस्टेटमध्ये कामाला, सुटेपर्यंत साडेपाच होतात, आता सहालाच काळोख पडतो. वायंगण (हिवाळी भाताचा हंगाम) अंगावर आलंय. मागं काही दिसत नाही, रोटावेटर मेरेत (बांधात) घुसला तरी कळत नाही. वाड्यावरच्या पोरांनी दिवाळीच्या नरकासुराच्या पुतळ्याला लावलेला एलईडी बार पडून आहे, १८० वॅट लिहिलंय त्यावर, तो लावला तर चालेल का?

काजूबी
चढ उलटा चढ. रोटावेटर मागं असेल तर ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये चढवायचा म्हणजे वजन चढाच्या बाजूला राहतं. बाकी वेट वगैरे नंतर बघ.

वायंगणवाला
हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. विकणारा तर म्हणाला होता कुठंही चढतो, माकडासारखा.

रिटायर्ड_फिटर
काजूबीने पहिली गोष्ट बरोबर सांगितली. मी आयुष्यभर डिचोलीच्या बाजूला मायनिंगच्या मशिनरीवर काम केलं, २०१२ ला मायनिंग पहिल्यांदा बंद पडलं तेव्हा घरी बसलो, आता लोकांचे ट्रॅक्टर बघतो. बाबा, तू किलो मोजतोयस पण किलो कुठं बसलेत ते बघत नाहीस. शेजाऱ्याचा ७८० किलोचा म्हणून उचलत नाही असं नाही, त्याला विचार त्याच्या मागं रोटावेटर किती फुटी आहे. पैज लावतो तीन फुटी असणार.

आता हिशोब कर. ट्रॅक्टर म्हणजे तरफ, टेकू मागच्या एक्सलवर. पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर तुझ्याकडे दीड मीटरच्या आसपास. चार फुटी रोटावेटर धर २४० किलो, आणि उचलल्यावर त्याचा भार मागच्या एक्सलच्या मागं साधारण एक मीटरवर. म्हणजे पुढच्या चाकांवरून उचलला जाणारा भार २४० भागिले दीड, १६० किलो. पुढच्या चाकांवर मुळात किती आहे ते काट्यावर घालून बघ, पण धरून चाल २८०. उरले १२०. मॅन्युअलमध्ये साधारण नियम असतो की ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान २० टक्के पुढच्या एक्सलवर राहिलंच पाहिजे, तुझ्या बाबतीत १३०. म्हणजे सपाटीवरच तू सीमेच्या खाली आहेस, आणि चढावर वजन आणखी मागं सरकतं, १५ अंशाच्या चढाला आणखी ऐंशी-नव्वद किलो सहज. उरलं काय? तीस-चाळीस किलो. त्यात क्लच जोरात सोडला की गाडी उभी राहणारच.

आता पुढं बंपरवर ८० किलो लावलेस, एक्सलच्या पुढं अर्ध्या मीटरवर, तर पुढच्या चाकांवर ८० नाही, १०७ किलो पडतात, कारण तिथंही तीच तरफ. आणि मागच्या चाकांवरून २७ कमी होतात. म्हणून तेवढेच किलो पायाखाली लोखंड ठेवून किंवा सीटवर जाड माणूस बसवून मिळत नाहीत. १०० च्या वर जाऊ नको, पुढच्या एक्सलला पण मर्यादा असते, मॅन्युअल बघ.

केप्याचा_अण्णा
फिटरकाका, शंभर टक्के सहमत, फक्त एक जोडतो. वेट किती असावं हे काम कुठलं यावर आहे. रोटावेटरला मागं जास्त वजन लागतच नाही, कारण रोटावेटरची पाती पुढं ढकलतात, ट्रॅक्टर त्याला ओढत नाही, उलट तोच ट्रॅक्टरला ढकलतो. म्हणून हलक्या ट्रॅक्टरला पीटीओवरचं (इंजिनची ताकद थेट अवजाराला देणाऱ्या दांड्यावरचं) काम जमतं. नांगर किंवा कल्टिव्हेटर लावलास की गोष्ट बदलते, तिथं ओढ लागते आणि ओढ वजनातून येते.

ब्रोशरचे आकडे बघा: महिंद्रा युवराज २१५, १५ एचपी, ७८० किलो. स्वराज ७१७, १५ एचपी, ८५० किलो. कुबोटाचा बी२७४१, २७ एचपी, ६५० किलो. जॉन डिअर ३०२८ ईएन, २८ एचपी, १०७० किलो. आता एचपीमागं किलो काढा. युवराज ५२, स्वराज ५७ च्या आत-बाहेर, कुबोटा २४, जॉन डिअर ३८. म्हणजे यातल्या हलक्याचं इंजिन कमी नाही, फक्त ते इंजिन चाकांतून नाही, पीटीओतून कामाला लागायला हवं. कोण चांगला कोण वाईट असं नाही, कामं वेगळी.

वायंगणवाला
शेजाऱ्याला विचारलं. तीन फुटीच आहे. काका, पैज जिंकलात. (तो तरी म्हणतो, तुझा हलकाच.)

खाजनकाठ
मी तिसवाडीतला, आमचं सगळं खाजनातच. वेट वेट करताय पण बाबांनो खाजनात वजन हा शत्रू आहे. आमच्याकडे एकाने टायरमध्ये पाणी भरून, पुढं वेट लावून गाडी चिखलणीला उतरवली, मानसेच्या (पाणी अडवायच्या दरवाजाच्या) जवळची जागा, वर कडक दिसते खाली लोणी. एक्सलपर्यंत बसली. वेट काढायला हात खाली घालायला जागा नाही, पाणी काढायला व्हॉल्व्ह दिसत नाही, शेवटी माडाचे दोन ओंडके खाली घालून आठ जणांनी काढली आणि दुसऱ्या दिवशी भरती येऊन तो खड्डा भरला तो अजून तसाच आहे. म्हणून माझं सांगणं, वरच्या मोरडाला जे लावाल ते खाजनात उतरण्याआधी काढा. आणि लोखंडी चाकं घाला, तीसुद्धा वजनच, पण रुंदी देतात, चिखलावर दाब पसरतो. कोरगूट भात आहे का तुमच्या खाजनात की दुसरं काही?

वायंगणवाला
कोरगूट, सासऱ्यांचं बियाणं. खारं पाणी घुसलं तरी तग धरतं म्हणून ते बदलायला तयार नाहीत, आणि मीही सांगत नाही.

सत्तरीचो_गवो
टायरमध्ये पाणी या विषयावर. मी भरतो. आमच्या वाळपईच्या बाजूला चढ-उताराची भरड जमीन, कल्टिव्हेटर चालवायचा तर मागची चाकं फिरत राहतात. परदेशात पाण्यात कॅल्शियम क्लोराइड टाकतात ते बर्फ होऊ नये म्हणून, आपल्याकडे साधं पाणी पुरे, गोव्यात कधी गोठणार ते? चाक जॅकवर उचलायचं, व्हॉल्व्ह वर बाराच्या काट्यावर आणायचा आणि व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत भरायचं, म्हणजे साधारण तीन-चतुर्थांश भरतं, वरची हवेची जागा सोडायचीच नाहीतर टायर दगडासारखं होतं आणि कणा मोडतो तुमचा. माझ्या एका मागच्या चाकात ४६ लिटर गेलं, बाटलीने मोजून. दोन्ही मिळून ९२ किलो आणि तेही खालच्या बाजूला, आडव्या उताराला गाडी जास्त घट्ट उभी राहते. तोटा एकच, पंक्चरवाला दारातच शिव्या घालतो, कारण ट्यूब उघडली की त्याच्या अंगावर आंघोळ.

पण वायंगणवाला दादा, तुम्हाला हे करू नका म्हणेन, कारण तुमचं उचलणं पुढून आहे, मागं वजन घालून पुढचं बसत नाही.

केप्याचा_अण्णा
आणि मागं वजन पुरेसं आहे का नाही हे अंदाजाने ठरवू नका, खडूने ठरवा. टायरवर खडूची रेघ मारा, नुसता ट्रॅक्टर चालवून मागचं चाक दहा वेळा फिरलं की किती अंतर गेलात ते काठी रोवून ठेवा. मग तेच अंतर नांगर किंवा कल्टिव्हेटर लावून, जमिनीत घालून चला आणि चाक किती वेळा फिरतं ते मोजा. अकरा-साडेअकरा वेळा फिरलं तर ठीक, १० ते १५ टक्के घसरण चालते. तेराच्या वर गेलं की वजन कमी, टायर आणि डिझेल दोन्ही खातंय. दहाच राहिलं, जराही घसरत नाही, तर उलट वजन जास्त आहे, फुकट ओझं वाहताय. मी दर हंगामाला एकदा करतो, बायको म्हणते खेळ चाललाय.

काजूबी
आमच्याकडे एका पोराने पुढच्या बंपरवर सहा चिरे दोरीने बांधले होते. एक चिरा तीस किलोच्या आसपास धरला तर १८० किलो झाले. रेडिएटरपुढं भिंत. दुपारी गाडी तापली, दोरी सुटली, एक चिरा पुढच्या चाकाखाली गेला. तेव्हापासून त्या पोराचं नाव गवंडी.

रिटायर्ड_फिटर
हसा हसा, पण भाव बघून लोक तसं करतात. कंपनीचे वेट महाग. माझी युक्ती सांगतो. साखळी-डिचोलीच्या भंगारात डोझर-एक्सकेव्हेटरच्या चेनच्या पट्ट्या मिळतात, मायनिंगचं जुनं सामान, पोलाद आहे, काँक्रीटपेक्षा तिपटीने जड, म्हणून कमी जागेत बसतं. आधी भंगारवाल्याच्या काट्यावर एकेक तोलून घ्यायच्या, मग चार सारख्या निवडायच्या. बंपरला नुसती लटकवायची नाही, खाली चॅनल आणि वर पट्टी, दोन हायटेन्साइल बोल्ट. रेडिएटरची हवा मोकळी राहिली पाहिजे.

आणि काट्याबद्दल सावध. ट्रकच्या वे-ब्रिजवर पुढची चाकं तेवढी घालून मोजता येतं, मी तेच करतो, पण बरेच काटे १० किलोच्या पटीत दाखवतात. ३०० च्या हिशोबात चालतं, एक पट्टी तोलायला नाही.

कुळागरवाली
फोंड्याच्या बाजूच्या कुळागरात मी ट्रॅक्टर घालतच नाही. माडाच्या-पोफळीच्या मुळांवरून इतकं ओझं फिरवलं की माती बसते, पाटाचं पाणी वाहतच राहतं, मुरत नाही. पॉवर वीडर बरा. पण दिव्यांचं मला ऐकायचंय, कारण संध्याकाळी पाट सोडायला मी पण काळोखातच असते. कपाळाला लावायचा दिवा वापरते, पण किडे सगळे तोंडावर.

वायरिंगवाला
इतका वेळ थांबलो होतो दिव्यांची पाळी कधी येते म्हणून.

दादा, नरकासुराचा बार लावू नका. त्यावर १८० वॅट लिहिलेलं असतं पण बहुतेक खोटं असतं, माझ्याकडे अशा एका बारवर डीसी क्लॅम्प मीटर लावला तर पाच अँपियरच्या आत निघाला, म्हणजे साठेक वॅट. मुद्दा तोच नाही. बार लांब फेकण्यासाठी, तुम्हाला जवळ पसरलेला उजेड हवाय. फ्लड प्रकारचे छोटे एलईडी वर्क लाइट घ्या, २७ वॅटचे दोन, मागच्या दोन्ही मडगार्डवर. एकच मधे लावलात तर रोटावेटरची आणि तुमची सावली नेमकी हव्या जागी पडते, दोन बाजूंनी असले की एकाची सावली दुसरा भरून काढतो.

करंटचा हिशोब. २७ वॅटचा एक दिवा साधारण दोन अँपियर, दोन मिळून चार. जुने हॅलोजन ५५ वॅटचे असतील तर एकालाच साडेचार, म्हणून एलईडीला काही तोड नाही. तुमचा अल्टरनेटर किती अँपियरचा आहे ते त्याच्या पट्टीवर बघा, त्यातून हेडलाइट, इंडिकेटर, बॅटरी चार्जिंग वजा करून काय उरतं ते बघा. काही जुन्या छोट्या गाड्यांना डायनॅमो असतो, तिथं उरत नाही फार.

वायरिंग: हेडलाइटच्या वायरला टॅप मारू नका. थेट बॅटरीच्या प्लसवरून वायर, बॅटरीपासून वीतभराच्या आत १० अँपियरचा फ्यूज, तिथून रिलेच्या (छोट्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) ३० नंबरच्या पायाला. ८७ वरून दिव्यांना. ८६ ला स्विचची वायर, चावीवर चालू होणाऱ्या लाइनवरून घ्या म्हणजे विसरून बॅटरी उतरायची नाही. ८५ अर्थ. स्विचमधून फक्त रिलेचा छोटा करंट जातो. वायर दीड स्क्वेअर एमएम, प्लसला लाल मायनसला काळी. हे सगळं शिकायचं कारण सांगतो, मी स्वतः पहिल्या दिव्यांना हेडलाइटच्या स्विचमधूनच नेलं होतं, भर पावसात चिखलणी चालली होती आणि डॅशबोर्डमधून धूर. स्विच आत वितळून गेला होता, गाडीवरच टॉवेल टाकून बसलो तास-दीड तास.

खाजनकाठ
अर्थचं सांगा त्यांना, खाऱ्या हवेत अर्थच मारतो.

वायरिंगवाला
अगदी बरोबर. रंग असलेल्या पत्र्याला स्क्रू मारून अर्थ केली तर दोन महिन्यांत गंज आणि दिवे मिणमिणतात, मग लोक दिवे बदलतात. दिवा पत्र्यावर बसवा पण काळी वायर वेगळी सरळ बॅटरीच्या मायनसपर्यंत आणा. जोडांना सोल्डर, वर हीट श्रिंक, आणि टर्मिनलला पेट्रोलियम जेली चोळा. पावसाळ्यात आपल्याकडे किती पडतो ते काय सांगायला पाहिजे? पाणी वायरवरून ओघळून जोडात शिरतं, म्हणून जोडाच्या आधी वायरला खाली एक वळसा द्या, पाणी तिथं थेंबून पडतं. दिवे आयपी६७ चे (धूळ-पाणी आत न जाणारे) घ्या.

रंग म्हणाल तर पिवळसर घ्या. पांढऱ्या-निळ्या उजेडाला शेतावरचे किडे जास्त येतात, आणि धुळीत, धुक्यात पांढरा उजेड डोळ्यावर परत येतो. ताई, तुमच्या कपाळावरच्या दिव्यालाही तेच.

आणि एक, मागचे पांढरे दिवे रस्त्यावर चालू ठेवून जाऊ नका. मागून येणाऱ्याला वाटतं समोरून गाडी येतेय. रस्त्यावर यायच्या आधी स्विच बंद, त्यासाठी स्विचवरच लाल सूचक दिवा लावा.

सत्तरीचो_गवो
स्वस्त एलईडी चालू केलं की एफएमवर खरखर होते, कोणाला अनुभव? माझं रात्रीचं भजन बंद पडलंय.

वायरिंगवाला
होते. दिव्यातल्या स्वस्त ड्रायव्हर सर्किटचा आवाज असतो तो. वायरवर फेराइटची कडी बसवून बघा, नाही गेलं तर दिवा बदला. नाहीतर भजन स्वतः म्हणा.

सत्तरीचो_गवो
म्हटलं एकदा. मेरेवर गवा उभा होता, अख्खा उजेड तोंडावर, हललाच नाही. मीच बंद केलं इंजिन आणि बसून राहिलो. सांगायचं इतकंच की दिवे लावले म्हणून आमच्याकडे रात्री निर्धास्त होऊन चालत नाही, दर फेरीला एकदा आजूबाजूला बघायचं.

नवीन_मेंबर
२७ वॅट ऐवजी ४८ वॅटचे घेतले तर जास्त उजेड ना? किंमत थोडीच जास्त आहे.

वायरिंगवाला
चार ऐवजी सात-आठ अँपियर. गाडीला झेपत असेल तर घ्या. पण बहुतेकांची तक्रार उजेड कमी म्हणून नसते, दिवा चुकीच्या कोनात असतो म्हणून असते. आधी रात्री मोबाइलचा टॉर्च हातात धरून, मडगार्डवर वेगवेगळ्या उंचीवर धरून बघा कुठून पातं दिसतं, मग भोक पाडा.

वायंगणवाला
महिन्याने परत आलो, सगळ्यांचे आभार. काय केलं ते लिहितो.

वे-ब्रिजवर गेलो, काट्यावरचा माणूस हसला पण मोजून दिलं. अख्खी गाडी ६६०, पुढची चाकं २८०, रोटावेटर उचलून १२०. फिटरकाकांचा आकडा इतका तंतोतंत कसा आला ते देवच जाणे. मग काकांकडेच गेलो, त्यांनी भंगारातून चार पट्ट्या निवडून दिल्या, एकूण ७६ किलो भरल्या, चॅनलसकट ८२ झाले. परत काट्यावर: रोटावेटर उचलून पुढं २३०. काकांचं म्हणणं, काटा १० च्या पटीत, एवढा फरक चालतो. चढ आता उलटाच चढतो, तरी एकदा मुद्दाम सरळ चढवून बघितला, क्लच हळू सोडून, रोटावेटर जमिनीपासून वीतभर ठेवून. पुढची चाकं जागेवर. बायको वरच्या मेरेवर उभी राहून ओरडत होती की पुन्हा करू नको.

दिवे २७ वॅटचे दोन पिवळसर, रिले-फ्यूजसकट दोन रविवार गेले. पहिल्या रविवारी ८५ आणि ८७ उलटे जोडले, स्विच दाबला की फ्यूज जायचा, तीन फ्यूज घालवले. उजव्या मडगार्डवरचा दिवा थोडा मागं झुकवावा लागला, नाहीतर उजेड थेट आरशात.

एक प्रश्न राहिला. खाजनात उतरायचं पुढच्या आठवड्यात, तेव्हा पट्ट्या काढणार, पण चॅनल पण काढू का? तो सहाच किलोचा आहे.

खाजनकाठ
सहा किलोने बुडत नाही कोणी. पण त्याच्या कोपऱ्यात चिखल आणि गवत अडकून रेडिएटरच्या तोंडाशी साचतं, दोन बोल्ट तर आहेत, काढा. आणि मानसेजवळची जागा आधी काठी घालून बघा.

रिटायर्ड_फिटर
काढलेल्या पट्ट्या मेरेवर ठेवू नको, चोरीला जातील. भंगाराचा भाव वाढलाय.